पाणी : जीवन कीं विष ?

आपल्या प्राचीन संस्कृत कोशांतून पाण्यास 'जीवन' असें नांव दिलेलें आहे, हें बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्याच कोशवाङ्मयांत पाण्यास 'विष' असेंहि एक नांव आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. एकाच वस्तूस हीं दोन नांवें देणाऱ्या पंडितांच्या मनांत काय हेतु होता, तें सांगण्याचा माझा अधिकार नव्हे. तथापि ज्यानें पाटाच्या पाण्याखालीं पंचवीस-तीस वर्षें शेती केली आहे, त्यास या दोन्ही नांवांची सत्यता पटल्यावांचून राहणार नाहीं. ज्या पाण्यानें माळाचा मळा होतो, त्याच पाण्यानें मळ्याची पांढरी फटफटीत ओसाड जागा झालेली आपण आपल्या डोळ्यांनीं पाहत आहों.

आपल्या संघाच्या सभेस मी नेहमीं जातों. तेथें पाण्याविषयीं जितकें बोललें जातें, तितकें दुसऱ्या कशाविषयींहि बोललें जात नाहीं. पाळी उशिरां आली, वरच्या गांवानें पाणी तोडलें, चारीस गळती लागली, दार लवकर बंद झालें, या तक्रारी वाजवी असतात आणि त्या केल्याच पाहिजेत. परंतु आलेलें पाणी शेतांत शिरल्यावर काय करतें, कोठें जातें, आणि जातांना काय मागें ठेवून जातें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, चाल पाहतों, खोड आहे काय म्हणून चौकशी करतों. ज्याच्या बळावर सगळी बागायत उभी आहे, त्या पाण्याचे गुण व खोडी मात्र आपण कधीं विचारल्या नाहींत. त्या विचाराव्या, आणि जें कळेल त्याप्रमाणें आपली वहिवाट बदलावी, एवढेंच सांगण्याकरितां हा लेख आहे.

पाण्याचा रेणु हायड्रोजनचे दोन व प्राणवायूचा एक अशा तीन अणूंचा बनलेला असतो. या रेणूच्या एका अंगास किंचित् धन व दुसऱ्या अंगास किंचित् ऋण विद्युत् असते. त्यामुळें पाण्याचे रेणु एकमेकांस धरून राहतात; इतकेंच नव्हे तर, तेलातुपासारखे पदार्थ सोडल्यास, माती, कांच, लांकूड, मीठ, जें भेटेल त्यासहि धरूं पाहतात. पाण्याच्या बहुतेक गुणांचें मूळ या धरून राहण्यांत आहे. पुढील विवेचन वाचतांना एवढी एकच गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुरे.

पहिला गुण उष्णतेविषयींचा. एकमेकांस धरून राहिलेल्या रेणूंस हलवावयास पुष्कळ उष्णता खर्चावी लागते. एक किलो पाणी एक अंशानें तापविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढींत सुमारें पांच किलो कोरडी माती एक अंशानें तापते. ओली जमीन दुपारीं लवकर तापत नाहीं व पहाटे लवकर निवत नाहीं, ती यामुळेंच. थंडीची लाट आली म्हणजे नाशिककडील द्राक्षबागाईतदार व खानदेशांतील केळीवाले रात्रीं बागेस पाणी देतात, त्यांतील मर्म हेंच होय. पाण्याची वाफ होण्यास तर याहूनहि कितीतरी अधिक उष्णता लागते. अगदीं शून्य अंशाचें पाणी उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागेल, तिच्या पांचपटीहून अधिक उष्णता त्याच उकळत्या पाण्याची वाफ करण्यास लागते. वैशाखाच्या उन्हांत बांधावरील दगडास हात लाववत नाहीं; पण शेजारच्या उंसाचें पान हातास गार लागतें. तें पान आपल्या अंगावर पडलेली उष्णता पाण्याच्या वाफेबरोबर बाहेर टाकीत असतें, म्हणूनच तें जगतें. उन्हाळ्यांत भर वाढीस लागलेल्या एक एकर पिकांतून व त्याखालील जमिनींतून दिवसाकांठीं वीस-पंचवीस हजार लिटर पाणी याप्रमाणें वाफ होऊन जातें.

अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांतील अक्रॉन येथें ब्रिग्ज व शांट्झ या शास्त्रज्ञांनीं १९११ सालापासून कांहीं वर्षें कुंड्यांत पिकें वाढवून व त्या कुंड्या तोलून असें दाखविलें कीं, एक किलो शुष्क भार निर्माण करण्यास ज्वारीस सुमारें तीनशें, गव्हास सुमारें पांचशें, व लसूणघासास आठशेंहून अधिक किलो पाणी लागतें. यांतील शेंकडा एक-दोन भागच वनस्पतीच्या अंगीं राहतो. बाकीचें सर्व पानांवाटे निघून जातें. यावरून पिकास पाणी पुष्कळ लागतें, हें खरें ठरतें. परंतु तें मुळांतून शिरून पानांवाटे गेलें तरच या हिशेबांत येतें. मुळांच्या खालीं झिरपलेलें किंवा बांधाशीं तुंबलेलें पाणी पिकाच्या खातीं जमा होत नाहीं.

दुसरा गुण वर चढण्याचा. समईची वात जशी तेल वर ओढते, तशीच मातीच्या कणांमधील बारीक पोकळी पाणी वर ओढते. एक मिलिमीटर व्यासाच्या कांचेच्या नळींत पाणी सुमारें तीन सेंटिमीटर चढतें. नळी दहापट बारीक केली तर तें तीस सेंटिमीटर चढतें. आणखी दहापट बारीक केली तर तीन मीटर चढूं शकतें. वाळूच्या जमिनींतील पोकळ्या मोठ्या असतात, म्हणून तींत पाणी थोडेंच पण लवकर चढतें. आपल्या काळ्या जमिनींतील पोकळ्या अत्यंत बारीक, म्हणून तींत पाणी सावकाश चढतें, पण फार वर येतें. पावसाळा संपल्यावर एकहि सर न पडतां शाळू पदरीं पडतो, ती या काळ्या मातीची पाणी धरून ठेवण्याची पुण्याई. हाच गुण पुढें आपला वैरी कसा होतो, तें लवकरच दिसेल.

तिसरा गुण पुष्कळांस ठाऊक नसतो. पाण्यांत हवा विरघळते, पण फार थोडी. एक लिटर हवेंत सुमारें पाऊणशें अधिक दोनशें मिलिग्रॅम, म्हणजे पाव ग्रॅमहून अधिक प्राणवायु असतो. आपल्याकडील उष्णमानास एक लिटर पाण्यांत मात्र जेमतेम आठ मिलिग्रॅम मावतो. शिवाय पाण्यामधून प्राणवायु इतका सावकाश पसरतो कीं, हवेंतील त्याच्या गतीशीं तुलना केली असतां ती दहा हजारांश भरते. झाडाच्या मुळ्या आपणाप्रमाणेंच श्वास घेतात. जमिनींतील सगळ्या पोकळ्या पाण्यानें भरल्या कीं त्यांचा श्वास कोंडतो, आणि श्वास कोंडलेल्या मुळीस पाणीहि ओढतां येत नाहीं. पाण्यांत उभें असलेलें पीक पिवळें पडतें, तें पाणी कमी झाल्यासारखें दिसतें, आणि आपण त्यास आणखी एक पाळी देतों ! भाताची गोष्ट निराळी. त्याच्या देठांतून मुळांकडे हवा नेण्याची सोय निसर्गानेंच केली आहे. कपाशीस, हरभऱ्यास ती सोय नाहीं.

आपल्या वाडवडिलांनीं 'वाफसा' हा एक शब्द आपणांस दिला आहे. जमिनींत ओल आहे पण चिखल नाहीं, माती मुठींत दाबली तर गोळा होतो व बोट लावतांच तो फुटतो, ती स्थिति म्हणजे वाफसा. मोठ्या पोकळ्यांत हवा व बारीक पोकळ्यांत पाणी, अशी जी विभागणी आधुनिक शास्त्र मोजून सांगतें, ती या एका शब्दांत आलेली आहे. पीक वाफशावर वाढतें, पाण्यावर नव्हे. हें वाक्य प्रत्येक बागाईतदारानें आपल्या पंपघराच्या भिंतीवर लिहून ठेवावें, असें मला वाटतें.

चौथा गुण सर्वांत महत्त्वाचा, आणि 'जीवन' व 'विष' हीं दोन्ही नांवें ज्यांत एकत्र येतात तो हाच. पाणी विरघळविणारें आहे. माती जें अन्न धरून बसलेली असते, तें पाण्यांत विरघळल्याशिवाय मुळीस घेतां येत नाहीं. रक्तांत साखर व मीठ विरघळल्याशिवाय आपलेंहि शरीर चालत नाहीं. परंतु पाणी अन्न विरघळवितें तसेंच क्षारहि विरघळवितें. त्यास निवड करतां येत नाहीं. डोंगरांतील खडकांतून, पाटाच्या तळांतून, विहिरीच्या झऱ्यांतून तें क्षार घेऊन येतें. आणि वाफ होऊन जातांना मात्र तें एकटेंच जातें ! क्षार जमिनींत राहतात.

याचा हिशेब प्रत्येकानें एकदां करून पाहावा. एक एकर जमिनीवर एक इंच पाणी दिलें म्हणजे एक लाखाहून थोडें अधिक लिटर पाणी झालें. त्या पाण्याच्या प्रत्येक लिटरांत अर्धा ग्रॅम क्षार असतील, तर एका इंचाबरोबर पन्नास किलो क्षार शेतांत आले. उंसास वर्षभरांत ऐशीं इंच पाणी दिलें, तर चार हजार किलो, म्हणजे चाळीस क्विंटल क्षार त्या एकरांत आले. पाटाचें पाणी याहून पुष्कळ गोडें असतें, आणि कांहीं विहिरींचें याहून दुप्पट खारें असतें. तेव्हां आंकडा कमीजास्त होईल. पण शून्य कोणाचाच होणार नाहीं. आपण शेतांत किती गाड्या खत घातलें तें आपणांस पाठ असतें; किती गाड्या मीठ घातलें तें मात्र कोणी मोजीत नाहीं.

आतां हे सर्व गुण एकत्र करून पाहावें. गरजेहून अधिक दिलेलें पाणी खालीं झिरपतें, आणि त्यास पुढें वाट नसली म्हणजे जमिनीखालील पाण्याची पातळी वर्षानुवर्षें चढत जाते. ती पांच-सहा फुटांच्या आंत आली कीं काळ्या मातीची ती ओढून घेणारी शक्ति कामास लागते. खालचें खारें पाणी वर चढतें, उन्हानें त्याची वाफ होते, आणि क्षार पृष्ठभागीं पांढऱ्या थरानें उरतात. यालाच आपण मीठ फुटलें असें म्हणतों. अशा जमिनींत ओल असूनहि पीक सुकतें. कारण क्षारानें जड झालेलें पाणी मुळीस ओढतां येत नाहीं. क्षारांत सोडियमचा भाग अधिक असला तर मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, पोकळ्या बुजतात, आणि जमीन चोपण होते. मग तींत वरचें पाणीहि मुरत नाहीं. ओली असतां चिकट, वाळली असतां दगड, अशी तिची गत होते.

हें ज्ञान नवें नाहीं, आणि यांतच आपल्या लज्जेची गोष्ट आहे. निरेचा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. पंचवीस वर्षांच्या आंत त्या खोऱ्यांतील जमिनी खारावूं लागल्या, आणि पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यासह त्यांची तपासणी करून १९१० सालीं त्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. खडकवासला येथें आज जी जल व विद्युत् संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, तिचा उगमहि १९१६ सालीं मुंबई इलाख्यानें पाटबंधाऱ्यांच्या पाणीवापराच्या विचारार्थ काढलेल्या एका लहान शाखेंतून झाला. म्हणजे रोग शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखीचा आहे. तरीहि तो पुढें कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या कांठीं गेला, आणि मिरज, वाळवें, शिरोळ या तालुक्यांतील उत्तम काळ्या जमिनी त्यानें गिळल्या. तेथें तर बहुतांशीं पाणी शेतकऱ्यांनीं स्वतःच्या खर्चानें, सहकारी उपसा योजना काढून नदींतून उचललें होतें. आपल्या घामाचा पैसा घालून आपण आपल्याच जमिनींत मीठ आणलें, असें म्हणण्याची पाळी आली.

दुसऱ्यांस दोष देण्यापूर्वीं माझी स्वतःची गोष्ट सांगणें योग्य होईल. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं माझ्या वरच्या अंगास ज्यांचें शेत आहे ते आमच्या भावकींतील एक वडीलधारे गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या शेतांत पाणी साठूं लागलें होतें. ते म्हणाले, "बाबा, माझ्या रानाचा चर तुझ्या बांधाकडेनें ओढ्यापर्यंत काढूं दे. खर्च माझा, तुझी फार तर दोन गुंठे जमीन जाईल." मीं नकार दिला. दोन गुंठ्यांचा लोभ होता, आणि जुनी एक धुसफूस होती तीहि मनांत होती. ते कांहीं न बोलतां गेले. परंतु पाण्यानें माझी परवानगी मागितली नाहीं. जें पाणी चरांतून बांधाकडेनें गेलें असतें, तें जमिनीखालून माझ्या रानांत उतरलें. पुढें पांच-सहा वर्षांत माझ्या आठ एकरांच्या तुकड्यांतील खोलगट भागावर उंसाची उगवण विरळ होऊं लागली, आणि एका फाल्गुनांत तेथें मीठ फुटलें. मीं खत वाढविलें, पाणी वाढविलें. दोन्हींनीं रोग वाढला. जिप्समच्या गोण्या आणून टाकल्या. त्यांचाहि उपयोग झाला नाहीं. जिप्सममधील कॅल्शियम मातीवरील सोडियमची जागा घेतें हें खरें. पण सुटलेला सोडियम धुऊन जावयास वाट नसेल तर तो तेथल्या तेथेंच राहतो. अखेर मी त्यांच्या घरीं गेलों. आम्हीं दोघांनीं मिळून निम्म्या-निम्म्या खर्चानें तोच चर खणला. त्यानंतर धैंचा गाडला, पावसाळ्याचें पाणी बांध घालून शेतांत मुरूं दिलें, पहिलीं दोन वर्षें उंसाचें नांव काढलें नाहीं. आज त्या तुकड्यापैकीं पांच एकरांवर चांगलें पीक येतें. तीन एकर अजून सुधारावयाचे आहेत. दोन गुंठे वांचविण्यासाठीं मीं काय गमावलें, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

या अनुभवांत एक गोष्ट आशेचीहि आहे. जमीन ज्या गुणानें बिघडली त्याच गुणानें ती सुधारली. पाणीच क्षार आणतें आणि पाणीच ते विरघळवून नेतें. फरक एवढाच कीं, पहिल्या प्रसंगीं पाण्यास जाण्यास वाट नसते आणि दुसऱ्या प्रसंगीं असते. वाट असलेलें पाणी जीवन, वाट नसलेलें पाणी विष. शिरोळ तालुक्यांतील शेतकऱ्यांनीं जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून खाराावलेल्या जमिनी अलीकडे पुन्हां लागवडीस आणल्या आहेत, त्यांतील तत्त्वहि हेंच.

येथें कांहीं बंधु म्हणतील, "हें सर्व खरें, पण पाटाचें पाणी पुन्हां केव्हां येईल याचा भरंवसा नाहीं, आणि वीज येते ती मध्यरात्रीं. मग आलें तेव्हां पोटभर घेऊं नये तर काय करावें ?" हा आक्षेप खोटा नाहीं. अनिश्चिततेनें मनुष्य अधाशी होतो, आणि ज्यांनीं पाळीच्या व विजेच्या वेळा ठरवावयाच्या त्यांच्याकडेहि या पापाचा वांटा जातो. त्यांच्याशीं आपण भांडलेंच पाहिजे. पण जमीन आपली आहे. पाळी चुकली तर एक पीक कमी येतें; जमीन खारावली तर मुलांच्या हातीं पांढरी माती येते. या दोन नुकसानींची बरोबरी होत नाहीं. दुसरे म्हणतील, "आम्हीं ठिबक बसविलें आहे, आम्हांस भीति नाहीं." ठिबकानें पाणी वांचतें, वाफसा टिकतो, आणि त्याचा प्रसार झालाच पाहिजे. तथापि ठिबकाचें पाणीहि क्षार आणतेंच, आणि ते ओलाव्याच्या कडेस सांचतात. पावसाळ्याच्या पाण्यानें ते धुऊन जाण्यास चर तेथेंहि हवाच.

म्हणून आपल्या संघानें पुढील गोष्टी हातीं घ्याव्या, अशी माझी सूचना आहे. पहिली, प्रत्येक सभासदाच्या विहिरीच्या पाण्याची व शेताच्या मातीची परीक्षा दर तीन वर्षांनीं करवून तिची नोंद संघाच्या दप्तरीं ठेवावी. दुसरी, गांवांतील निवडक विहिरींची पाणीपातळी मे महिन्यांत व पावसाळा संपल्यावर अशी दोनदां मोजून ती चावडीवर लावावी. पातळी सालोसाल वर येऊं लागली, तर तें आनंदाचें चिन्ह न मानतां धोक्याची सूचना मानावी. तिसरी, पाणी क्षेत्रावर न घेतां मोजून घ्यावें. २००५ सालच्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस तसा मार्ग मोकळा केलेला आहे. मोजून घेतलेली वस्तु मनुष्य जपून वापरतो. चौथी व सर्वांत महत्त्वाची, ओढ्यापर्यंतच्या सामाईक चरांचा आराखडा करावा, खर्च एकरवारीनें वांटावा, आणि शेजाऱ्याच्या चरास बांधाकडेनें वाट देण्यास कोणीहि सभासद नकार देणार नाहीं, असा ठराव सर्वांच्या सह्यांनिशीं करावा. जास्त पाण्याच्या मागणीचा अर्ज संघानें यापुढें करावयाचा, तर तो या ठरावानंतरच करावा.

पाणी कोणाचा सातबारा पाहत नाहीं. तें उंचावरून सखलाकडे जातें, बारीक पोकळींतून वर चढतें, जें भेटेल तें विरघळवून नेतें, आणि उडून जातांना ओझें आपल्या शेतांत ठेवतें. त्याचे हे धर्म आपल्या सोयीसाठीं बदलणार नाहींत. बदलावयाचें तें आपणांसच. येत्या ज्येष्ठांत पहिला पाऊस पडण्यापूर्वीं निदान एक सामाईक चर खणून पुरा झालेला दिसावा, आणि त्याच्या कामास पहिली कुदळ माझी असावी, अशी इच्छा व्यक्त करून मी हा लेख संपवितों.